लूप काढायचा राहिला

सिंदेवाहीच्या एक्स्चेंजात रात्री अडीचला
पांढरवाणीचा लाल दिवा लागला.
बॅटरीच्या खोलीतून आम्लाचा वास,
आणि अलार्मची किरकिर
बांधीतल्या किड्यासारखी,
बटण दाबून बंद केली तरी कानात चालूच.

"आधी आपलं घर पाहावं जी,"
रुषी निकुरे म्हणाले, खिशातून वीतभर तार काढली,
टोकं दातांनी सोललेली,
आणि फ्रेमवर जाणारी वाट येणाऱ्या वाटेला जोडली.
मी मीटर लावला.
एक शून्य शून्य एक, ठरल्या क्रमाने सोडलेले,
उंबऱ्यावरून वळून आले जसेच्या तसे.
चुका : शून्य.
"म्हणजे आपण बरोबर," मी म्हणालो.
"इथवर बरोबर," म्हणत त्यांनी तार काढून खिशात टाकली
आणि लुनाला किक मारली.

बावीस किलोमीटर. मध्ये बांबूचं रान.
वाघीण आडवी आली तर हॉर्न द्यायचा नाही,
लाइट खाली करून नुसतं उभं राहायचं,
ती जाते. तिलाही कामं असतात.

तिकडून बोलायला लाइनच नव्हती,
म्हणून आमचं ठरलेलं :
पोचलो की लूप लावीन, काढीन, लावीन.
पावणेचारला मेंढ्याच्या रिपीटरवरून
लाल, हिरवा, लाल, हिरवा.
मी एकटाच हसलो.
अंधारात कुणी दाराची कडी वाजवावी
तसा माणूस दिसला मला त्या दिव्यात.
चुका : शून्य. म्हणजे आणखी पुढे.

पांढरवाणीहून आकडे परत आले ते जखमी होऊन.
सात चुका. चाळीस. तीनशे.
मग बराच वेळ काहीच नाही.
(जोडात लाल मुंग्यांनी अंडी घातली होती, नंतर कळलं.
लुनाच्या पेट्रोलात रुमाल बुडवून पुसलं,
रुमाल नवा होता, हेही नंतर कळलं.)
मग पाच वाजून दहा मिनिटांनी
एक शून्य शून्य एक,
आंघोळ करून आल्यासारखे.
वहीत लिहिलं : लाइन ठीक.
सही केली, टेबलावर डोकं ठेवलं.

दहाच्या एसटीने उपकेंद्राच्या कुमरे सिस्टर आल्या,
पायात एकच चप्पल धड, दुसरीला पिन.
"फोन चालू हाय म्हनता?
पहाटपासून मी नंबर फिरवतो, नुसतं गप.
उशीत तोंड दाबल्यावानी.
मंगराची सून शेवटी जिपड्यात नेली.
पोरगी झाली रस्त्यातच. दोघी बऱ्या आहेत,
पण तुमी दाखवा मले तुमचा चालू फोन."

मी दिवा दाखवला. हिरवा.
मीटर दाखवला. शून्य.
आणि दाखवता दाखवताच
माझा हात थांबला.

पाच तास मी माझेच आकडे मोजत होतो.
तार तिथेच होती, पांढरवाणीच्या फ्रेमवर,
मी सोडलेलं मलाच वाढत होती,
आणि मी वहीत ठीक लिहून घोरत होतो.

निकुऱ्यांनी डबा नुकताच उघडला होता.
काही बोलले नाहीत.
भाकर परत फडक्यात बांधली, लुना वळवली.
सिस्टर स्टुलावर बसल्या, मी चहा मागवला,
त्यांनी घेतला नाही, मग घेतला.

अकरा चाळीसला हिरवा गेला.
लाल, जेमतेम एक श्वासभर.
मग हिरवा.
तोच हिरवा, रंगात काडीचा फरक नाही,
मी अगदी जवळ जाऊन पाहिलं.

घंटी वाजली. उचलला.
पलीकडे कुणीतरी खोकललं,
बिडीचा, धुळीचा, बावीस किलोमीटर दोनदा गेलेला खोकला.
तो मी पाठवलेला नव्हता.

"हॅलो," निकुरे म्हणाले,
"बॅटरीत पानी कमी हाय जी इथं.
वहीत लिहून ठेवा."